काळुरामचा काटा

रविवार, २ मार्च २०२५. सकाळी ९.१०

आजपासून ही वही. उद्या कोणी विचारलं की प्रभाकरराव, हे सगळं एकट्याने कसं केलंत, तर लेखी पुरावा हवा.

परिस्थिती: सासऱ्यांची जीप. फोर बाय फोर, डिझेल, पस्तीस वर्षं जुनी. गेल्या आठवड्यात मुरबाडकडच्या गावाहून टेम्पोला बांधून डोंबिवलीत आली आणि आता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. लक्षणं: पांढरा धूर. रेडिएटरमधलं पाणी कुठे जातं ते कळत नाही. दहा मिनिटांत तापते आणि बंद पडते.

मुदत: १२ एप्रिल. त्या दिवशी गावदेवीची यात्रा. पालखी गावातल्या देवळातून डोंगरावरच्या देवळात जाते, ती सासऱ्यांच्या जीपमधून. एकतीस वर्षं. तो त्यांच्या घराचा मान आहे. या वर्षी जीप चढली नाही तर पालखी त्यांच्या चुलतभावाच्या, म्हणजे सखारामच्या नव्या ट्रॅक्टरवरून जाणार. आणि त्या गावात मान एकदा ज्याच्या घरी गेला तो तिथेच राहतो, परत मिळत नाही. धोंडीबामामांना, म्हणजे सासऱ्यांना, आता नीट दिसत नाही. त्यांनी शीलाला फोनवर एवढंच सांगितलं म्हणे, की पोरी, यात्रेपुरती उभी करून दे.

शीला म्हणाली, विठ्ठलवाडीच्या पंढरी मिस्त्रीला बोलवा, चार दिवसांचं काम आहे. मी म्हटलं, कळव्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं टूल स्टोअर्स कोणी सांभाळलं? एकेका पान्याचा नंबर मला अजून पाठ आहे. हजारो हत्यारं मी इश्यू केली आहेत. ती म्हणाली, अहो, इश्यू केलीत, वापरलीत कुठे?

सिस्टिम काय असते हे घरच्यांना कधी कळत नाही.

निर्णय: इंजिन मी खोलणार. हत्यारंही विकत आणणार नाही, घरी बनवणार. प्रत्येकाला नंबर.

दुपारी १२.२०

जीप उतारावरून आपोआप मागे सरकली. सोसायटीच्या सेक्रेटरी हेमाताईंच्या स्कूटरपासून चार बोटांवर थांबली. जुन्या पलंगाचा सागवानी पाय तिरका कापून चाकामागे ठोकळा लावला. दहा मिनिटांचं काम. याला हत्यार म्हणता येणार नाही, म्हणून नंबर दिलेला नाही.

बुधवार, ५ मार्च. संध्याकाळी ६.००

हत्यार क्र. १: इंजिन स्टेथोस्कोप. बाबांच्या जुन्या बीपी मशीनची नळी आणि स्टीलचा पेला. डॉक्टर आधी ऐकतो, मग औषध देतो. पंढरीसारखे लोक सरळ पाना लावतात.

पेला बॉनेटखाली टेकवला. आत सतत घरघर. विशेष म्हणजे इंजिन बंद होतं. म्हणजे दोष फार खोलवर आहे.

६.३५

घरघर अचानक थांबली. इंजिन आपोआप शांत होतंय हे चांगलं लक्षण. वॉचमन म्हणाला, आत्ताच पाण्याचा पंप बंद केला. मी त्याला म्हटलं, विषय बदलू नकोस.

शनिवार, ८ मार्च

निदान पक्कं: हेड गॅस्केट. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये बसणारी पातळ चकती. ती फुटली की पाणी तेलात आणि धूर आकाशात. (संचिता म्हणते, बाबा, हे मी तुम्हाला रविवारीच मोबाइलवर दाखवलं होतं. कन्या हुशार आहे, पण स्वतंत्र निदानाचं महत्त्व तिला कळत नाही.)

आज मोठी खरेदी. खरेदी म्हणजे फुकट. रद्दीवाला काळुराम आलेला. शीलाने बाथरूममधल्या वजनकाट्यावर रद्दी आधीच मोजून ठेवलेली, दहा किलो. काळुरामच्या लटकत्या स्प्रिंग काट्यावर भरली साडेसात. नेहमीचा वाद. शीला पंधरा वर्षं हेच म्हणते आहे की काळुरामचा काटा मारतो. मी पंधरा वर्षं समजावतो आहे की बाथरूमचा काटा माणसांसाठी असतो, कागदासाठी नाही. धंद्याचा काटा तो धंद्याचा काटा.

काळुराम म्हणाला, काका, लोक लय कटकट करतात, आता डिजिटल घेतलाय, हा टाकूनच देणार. मी लगेच मागून घेतला. त्याने शीलाकडे बघितलं, मग दिला.

हत्यार क्र. ४: टॉर्क रेंच. हेडचे बोल्ट ठरावीक जोराने आवळावे लागतात. पुस्तकात लिहिलंय, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला नऊ किलोचा ओढा. मग दांडा म्हणून एक मीटरचा पाइप, टोकाला काळुरामचा काटा अडकवला, काटा नऊवर येईस्तोवर ओढलं की झालं. लोक यासाठी परदेशी हत्यारं घेतात.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

मुलं रंग खेळत होती. मी हेड काढलं. सहा तास. हात काळे, कपाळ काळं, लोकांना वाटलं मीही खेळतोय.

बोल्ट क्रमाने एका रांगेत मांडले. संचिता म्हणाली, फोटो काढून ठेवा. मी म्हटलं, माझ्या डोक्यात ड्रॉइंग आहे. मग कोणाचा तरी फुगा रांगेवर फुटला. आता बोल्ट क्रमाने नाहीत, पण सगळे आहेत. एक जास्तच आहे.

हेमाताईंची नोटीस आली. पार्किंगमध्ये तेल सांडणे हा सभासदांच्या भावनांचा प्रश्न आहे. उत्तर तयार करतो आहे, तीन पानं झाली.

हेड कल्याणला फेसिंगला दिलं, पृष्ठभाग सपाट करून घ्यायला. ते मशीनही घरी बनवता आलं असतं, जागा नाही.

बुधवार, १९ मार्च

हेड सोमवारी सपाट होऊन आलं. सरळ बसवलं तर दोन दिवसांत जीप सुरू होईल. पण हेड हातात आहेच तर व्हॉल्व्हही काढून साफ करावेत. पंढरीने हे केलं नसतं. त्याला घाई असते.

व्हॉल्व्ह काढायला त्याची स्प्रिंग दाबून धरावी लागते. त्यासाठी खास हत्यार असतं. दोन दिवस विचार केला. आज सकाळी नाश्त्याच्या वेळी उत्तर मिळालं: शेवेचा सोऱ्या. पितळी, फिरकीचा. सोऱ्या म्हणजे मुळात प्रेसच. आपल्या घराघरांत प्रेस आहे आणि आपण त्यातून शेव पाडतो, ही या देशाची शोकांतिका.

सोऱ्या लोखंडी अँगलला तारेने बांधला. हत्यार क्र. ९. शीला घरी नव्हती. तिला योग्य वेळी सांगेन.

रविवार, २३ मार्च

चार व्हॉल्व्ह उत्तम निघाले. पाचव्याला तार सुटली. स्प्रिंग उडाली, ती छताला लागून परत आली. तिच्यासोबतचे नखाएवढे दोन लॉक मात्र परत आले नाहीत. दोन तास शोधलं. एक सापडला.

दुसरा संध्याकाळी हेमाताईंच्या तुळशीत सापडला. त्या म्हणाल्या, तुमचं काय चाललंय हे मला विचारायचंही नाही, फक्त कधी संपेल ते सांगा. मी म्हटलं, शनिवारी. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही.

सोऱ्या धुऊन जागेवर ठेवला. आधी डिझेलने, मग साबणाने.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

शुभ दिवस. सगळे व्हॉल्व्ह परत बसवले. हत्यारांची संख्या सत्तावीस. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकला. भिंतीवर लावून बघितली. फार बरं वाटलं. जीपकडे बघून एवढं बरं वाटत नाही.

जेवताना यात्रेचं नियोजन सांगितलं. जीप मी चालवणार, मामा शेजारी, मागे पालखी. शीला म्हणाली, अहो, त्या डोंगरावर मी गाडी शिकले, लग्नाआधी तीन वर्षं पालखी मीच नेलेली. हे ती नेहमी सांगते. मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही. शिवाय चौथ्या मजल्यावर राहायला आल्यापासून तिने साधी स्कूटर चालवलेली नाही. मी गेले तीन दिवस खुर्चीत बसून गिअरचा सराव करतो आहे.

श्रीखंड उत्तम.

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी १०.००

आज ऐतिहासिक दिवस. नवीन गॅस्केट ठेवली. हेड बसवलं. आता फक्त आवळणं. हत्यार क्र. ४ सज्ज. संचिताला व्हिडिओ काढायला उभं केलं.

११.१५

पहिले नऊ बोल्ट, काटा नऊवर. जोर जरा जास्त लागला. पाय जीपच्या बंपरला लावून ओढावं लागलं. पण काटा खोटं बोलत नाही.

११.२५

दहावा बोल्ट तुटला.

आवाज फार छोटा होता. संचिताने व्हिडिओ बंद केला आणि ती वर गेली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ३.००

बोल्टाचा अर्धा भाग आत, ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धडात. जुना बोल्ट, जुन्या काळचं लोखंड, दोष त्याचाच. काटा सांगतोय नऊ, म्हणजे नऊच.

७.४०

शीला गॅलरीत मामांशी बोलत होती. मला वाटतं तिला माहीत नव्हतं की मी जिन्यात आहे. ती म्हणाली, होय बाबा, काम चालू आहे, होईल वेळेवर, हे बघतायत ना. मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. मग म्हणाली, नाही बाबा, सखारामकाकाला अजून हो म्हणू नका.

मला भीती वाटली. हे या वहीत लिहायचं नव्हतं, पण वाटली.

रविवार, ६ एप्रिल

हत्यार क्र. २८: तुटका बोल्ट काढणारं यंत्र. जुनी छिन्नी, पडद्याचा रॉड आणि आत्मविश्वास. छिन्नीचं टोकही आत तुटलं. आता आत दोन वस्तू आहेत.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी खाली उतरलो तर पार्किंगमध्ये पंढरी मिस्त्री. शीलाने बोलावलेलं. मला विचारलं नाही. मी तिच्याकडे रागाने बघितलं. ती म्हणाली, चार दिवस उरलेत, रागवायचं असेल तर तेरा तारखेला रागवा.

पंढरीच्या पिशवीतली हत्यारं बघून धक्का बसला. सगळी घरी बनवलेली. वाकवलेले पाने, घासून टोकदार केलेल्या सळ्या, सायकलच्या चेनची एक पकड. एक हुक त्याच्या बापाने बनवलेला, चाळीस वर्षं चालतोय. एकावरही नंबर नाही. या माणसाला काय, कुठे, किती आहे हे कळतं तरी कसं.

आधी त्याने छिन्नीचं टोक हुकाने उचकटून काढलं. मग तुटक्या बोल्टाच्या टोकावर एक नट ठेवला, वेल्डिंगचा ठिपका दिला, गार होऊ दिला आणि पान्याने हळूच फिरवला. बोल्ट बाहेर. अकरा मिनिटं, मी घड्याळ लावलेलं.

मग त्याने पिशवीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. टॉर्क रेंच, दुकानातला, कोरा करकरीत ठेवलेला. मी म्हटलं, बाकी सगळं घरी बनवलंस, मग हाच विकत का? तो म्हणाला, साहेब, पकड घरी बनवता येते, माप नाय बनवता येत.

मी त्याला हत्यार क्र. ४ दाखवलं. त्याने पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरला आणि काट्याला लटकवला. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. काट्याने दाखवले पावणेचार.

पंढरीने विचारलं, साहेब, काटा कुठून आणला? मी उत्तर द्यायच्या आत मागून शीला म्हणाली, रद्दीवाल्याचा.

तो वळून जीपच्या पलीकडे गेला. खांदे हलताना दिसत होते.

म्हणजे मी नऊ समजून बारा किलोने ओढत होतो. हा मुद्दा तांत्रिक आहे. शीलाने पंधरा वर्षांचा विषय काढला नाही. काढला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गुरुवार, १० एप्रिल

नवे बोल्ट, नवी गॅस्केट. सकाळी ११ वाजता जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. धूर काळा, मग नाहीसा. अर्धा तास चालू ठेवली, तापली नाही. शीलाने बॉनेटवर हात ठेवला, घरातल्या कोणाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि रडली. पंढरीने मला विचारलं की जास्तीचा एक बोल्ट कुठला. शोध घेतला. तो शीलाच्या मिक्सरच्या स्टँडचा निघाला, हत्यार क्र. ६ बनवताना काढलेला.

हेमाताई स्वतः येऊन गाडीला नारळ देऊन गेल्या. सांडलेलं सगळं माफ, फक्त गाडी परत आणू नका म्हणाल्या.

संध्याकाळी शीलाने गावासाठी शेव केली. मी घास घेतला आणि वर पाणी प्यायलो. संचिताने घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

शनिवार, १२ एप्रिल. यात्रा

जीप काल संध्याकाळी गावात पोचली. मुरबाडपर्यंत मी चालवली. दोनदा बंद पडली, ते क्लचच्या जुन्या सवयीमुळे. पुढे शीलाने घेतली.

मामांनी अंगणात जीपला हात लावून चारी बाजूंनी फेरी मारली. दिसत नाही, पण डावा दिवा बदललेला त्यांना बोटांनी कळला. मग शेवेचा घास घेतला. म्हणाले, शेवेला जीपचा वास हाय, बरा लागतो. वाटी संपवली.

सकाळी देवळासमोर जीप, मागे पालखी, आणि वीस फुटांवर सखारामकाकाचा ट्रॅक्टर, इंजिन चालू ठेवून. कधी लागेल सांगता येत नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते. मी ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो. तिथे शीला बसलेली होती. शेजारी मामा. मामांनी विचारलं, जावई कुठं हाय? मग हाताला लागलेली वस्तू खिडकीतून माझ्याकडे दिली. पलंगाच्या पायाचा ठोकळा. म्हणाले, तीन वळणं हायत, मागून चला, गाडी थांबली की चाकामागे सारा, उशीर करू नका.

सासरे आणि देवी, दोघांसमोर वाद घालता येत नाही. चालू लागलो.

पहिलं वळण नीट. दुसरं नीट. मला घाम, डफवाले मजेत. तिसऱ्या वळणावर दगडधोंड्यांची चढण. शीलाने छोटा गिअर टाकायला जीप थांबवली आणि जीप मागे यायला लागली. पालखी कलली. बाया ओरडल्या. खालून ट्रॅक्टरचा आवाज वाढला.

मी ठोकळा सारला. हात कसा गेला मला माहीत नाही. चाक त्यावर चढलं, कर्रकन वाजलं आणि थांबलं. सगळं थांबलं. शीलाने आरशातून माझ्याकडे बघितलं. तिने गिअर टाकला, चारी चाकांनी जमीन पकडली आणि जीप वर गेली. सरळ, एका दमात, अशी की मी ते आयुष्यभर विसरणार नाही. ती हे पंचवीस वर्षं सांगत होती आणि मी मान हलवत होतो.

वर देवळात पालखी उतरली. मामांनी आधी देवीला, मग जीपला हळदकुंकू वाहिलं. मग म्हणाले, ठोकळा आणा. त्यालाही वाहिलं. सखारामकाकाने मला पाणी दिलं. मी त्यांना टॉर्कबद्दल सांगायला सुरुवात केली, पण ते ट्रॅक्टर वळवायला गेले.

रविवार, २० एप्रिल. सकाळी ११.००

जीप गावातच राहिली. पार्किंग मोकळं आहे. हेमाताई फरशी धुऊन घेत आहेत.

काळुराम आला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हत्यारं काढली. सोऱ्या शीलाने बाजूला घेतला, मिक्सरचा बोल्ट संचिताने. बाकी सगळं काळुरामच्या डिजिटल काट्यावर गेलं. शेवटी मी त्याचा जुना काटा पुढे केला. त्याने हात मागे घेतला. म्हणाला, नको काका, तो खोटा आहे, त्याचं मी काय करू. मी म्हटलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, काका, काकूंना पण माहीत होतं.

दुपारी ४.३०

मामांचा फोन. देवस्थानच्या पंचांची बैठक झाली. मानाच्या वहीत नवीन नोंद झाली आहे, ती त्यांनी शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली. पालखीची जीप: शीला. ठोकळा: जावई. नाव लिहिलेलं नाही, जावई एवढंच.

मी विचारलं, हे याच वर्षापुरतं असेल ना. मामा म्हणाले, मान हाय तो, एकदा दिला की घरातून जात नाही. मी विचारलं, आळीपाळीने करता येईल का, एका वर्षी मी जीप आणि शीला ठोकळा, पुढच्या वर्षी उलट. मामा बराच वेळ हसले. मग म्हणाले, ठोकळा जरा वजनदार ठेवा, यंदा हलका वाटला.

म्हणजे यापुढे दर चैत्रात मी जीपच्या मागून डोंगर चढणार. शीला चहा देताना म्हणाली, अहो, पण वेळेवर लावलात हं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या कुठल्या हत्याराबद्दल चांगलं काही म्हटलं, आणि त्याला मी नंबरही दिलेला नव्हता.

ठोकळा काळुरामच्या जुन्या काट्याला लटकवून मोजला. दीड किलो भरला.

म्हणजे दोन.